व्हर्लीनची वीस काडतुसं

व्हर्लीनचे दोन्ही डोळे आजही शाबूत आहेत आणि हाताला दहाही बोटं आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर ऐकणारा उगाच जीव टांगणीला लावून बसायचा आणि तिच्या थोरल्या बहिणीकडे, आर्डिसकडे, त्याचं लक्षच जायचं नाही. गोष्ट आर्डिसची आहे.

आर्डिस क्वामे हिने बिटररूटच्या खोऱ्यात एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली. बाई अंगानं आडवी, मनगटं गड्यासारखी, कानांनी अलीकडे जरा कमी. पण बसपेक्षा खोऱ्यात तिचं नाव होतं ते गॅरेजमधल्या टेबलापायी. त्या टेबलावर ती काडतुसं भरायची. स्वतःची, बहिणीची, फार तर शेजारच्या दोन घरांची. विकायची नाहीच, ते कायद्यात बसत नाही आणि तिच्या डोक्यातही कधी आलं नाही. कोणी बदल्यात रानबेरीचा मुरंबा आणून द्यायचं, कोणी हरणाचं सॉसेज.

काडतूस भरायचं म्हणजे काय, तर पितळेची पुंगळी, तिच्या बुडात ठिणगीची टोपी, आत बंदुकीची दारू, वर गोळी. ऐकायला शेवया करण्याइतकं सोपं. पण दारू-दारूत फरक असतो. एक भुर्रकन जळते, दुसरी दमादमानं. हलकी गोळी पळायला तयारच असते, तिला झटक्यात पेटणारी दारू लागते. नाहीतर गोळी निघून जाते आणि दारू मागं जळत बसते. जड गोळीचं तसं नाही. ती जागची हलायलाच वेळ घेते. तिच्यामागं भुर्रकन जळणारी भरली की सगळा जोर एकदम उठतो आणि गोळी तर अजून उंबऱ्यातच उभी. मग त्या जोराला पुढं वाट राहत नाही. तो मागं येतो, आणि बंदुकीच्या मागं माणसाचा गाल असतो, डोळा असतो.

आर्डिस हे बसच्या भाषेत सांगायची. "चाळीस पोरं भरलेली बस बर्फाळ चढावर उभी आहे. पाय हळूहळू दाबत नेलास तर वर जाशील. एकदम दाबलास तर चाकं जाग्यावर गरगरतील आणि बस मागं घसरंल. भरल्या गाडीला दम लागतो बाबा, जोर नाही."

तर त्या वर्षी व्हर्लीनला मूसचा परवाना लागला. मूस म्हणजे घोड्याएवढं हरीण. त्याच्या शिकारीचे परवाने सोडतीनं देतात आणि तेही मोजके. व्हर्लीन सव्वीस वर्षं अर्ज भरत होती. केस कापायचं दुकान चालवता चालवता तिची साठी उलटली, एक खांदा शस्त्रक्रियेतून गेला, आणि मग एकदाचं नाव निघालं. तिच्याकडे वडिलांची जुनी रायफल होती. काडतुसं अर्थातच आर्डिस भरणार होती. गोळी सगळ्यात जड, दारू सगळ्यात संथ. वीस काडतुसं. बुधवारी भरून झाली, गुरुवारी व्हर्लीन ती घेऊन साठ मैलांवर एल्डर ओढ्याकाठी तंबू ठोकायला गेली.

शुक्रवारी सकाळी न्याहारीला डेल्मारनं बटाटे परतले होते. डेल्मार म्हणजे आर्डिसचा नवरा. जन्मभर लाकडाच्या गिरणीत राबलेला आणि निवृत्तीनंतर स्वयंपाकघराचा मालक झालेला. त्याला गॅरेज लख्ख लागायचं आणि आर्डिसला आपल्या टेबलाला कोणी हात लावलेला खपायचं नाही. या एका भांडणावर त्यांचा संसार त्रेचाळीस वर्षं छान चालला होता.

"मंगळवारी टेबल पुसून चकचकीत केलं तुझं," डेल्मार म्हणाला. "आज शुक्रवार. अजून तोंडातून एक शब्द नाही."

"माझा चिमटा गायब झालाय. हा घे शब्द."

"चिमटा डाव्या खणात आहे. जिथं असायला पाहिजे तिथं. आणि ती तुझी दारू मोजून सोडायची नळी होती ना टेबलावर बसवलेली, तीपण रिकामी करून आतून पुसली. झाकण नव्हतं तिला. धूळ जात होती की."

आर्डिसचा घास हातातच राहिला. "रिकामी केलीस म्हणजे?"

"म्हणजे आतलं डब्यात ओतलं. सांडलं नाही हां, एक कण नाही सांडला."

"कुठल्या डब्यात?"

"टेबलावर होता त्या. काळ्या."

"डेल्मार, दोन्ही डबे काळे आहेत."

"असतील. टेबलावर एकच होता."

आर्डिस उठली ती मोज्यांवरच गॅरेजात गेली. डेल्मार मागोमाग, हातात उलथनं.

सोमवारी तिनं कोल्हे मारायच्या लहान बंदुकीसाठी हलक्या गोळ्यांची काडतुसं भरली होती. नळीत होती ती भुर्रकन जळणारी दारू, जवळजवळ काठोकाठ. मंगळवारी डेल्मारनं नळी रिकामी केली. आणि त्या दिवशी टेबलावर होता तो संथ दारूचा डबा. बुधवारी त्याच डब्यातून तिनं व्हर्लीनची वीस काडतुसं भरली, म्हणजे वरचा थर आधी, डेल्मारनं ओतलेला. दोन्ही दारवा दिसायला सारख्या, कोळशाच्या चुऱ्यासारख्या काळपट काड्या. एकीच्या काड्या केसभर आखूड, एवढंच.

प्रत्येक डब्याच्या झाकणावर ती चिकटपट्टी लावून वजन लिहायची. संथ दारूचा डबा तिनं काट्यावर ठेवला. वीस काडतुसांची दारू काढूनसुद्धा डबा आधीच्या आकड्यापेक्षा जड भरला.

तिनं तो दोनदा ठेवला, दोनदा उचलला.

"आर्डिस," डेल्मार म्हणाला, "मी काय केलंय?"

"तू पुसलंस."

"नीट सांग की गं."

"व्हर्लीननं गोळी झाडली तर बंदूक तिच्या तोंडावर फुटेल."

डेल्मारनं उलथनं टेबलावर ठेवलं, मग टेबलाला डाग पडेल म्हणून पुन्हा उचललं, आणि ते हातात धरून नुसता उभा राहिला. त्याचा चेहरा आर्डिसनं बघितला आणि नजर वळवली. तिला त्या वेळी त्याची दया करायला सवड नव्हती.

एल्डर ओढ्याला फोन लागत नाही. तिकडं जाणारी बाई पोचल्या पोचल्या पहिलं काम काय करणार, तर एक पुठ्ठा झाडाला टांगून दोन-तीन गोळ्या झाडून बघणार, नेम बसतोय की नाही. पोचली होती गुरुवारी दुपारी. म्हणजे जे व्हायचं ते कालच होऊन गेलेलं असणार. नाहीतर आता, या घडीला होत असणार. डेल्मारनं जंगल खात्याच्या कचेरीत फोन लावला. तिथली पोरगी म्हणाली, माणूस वरच्या रस्त्याला गेलाय, आला की पाठवते. डेल्मार फोनजवळ बसला आणि आर्डिसनं पिकअप काढली. निघताना तिनं औषधांची पेटी टाकली, घोंगडी टाकली, आणि का कोण जाणे, काडतूस उकलायचा हातोडाही टाकला.

साठ मैलांत चाळीस डांबरी. आर्डिसनं आयुष्यात कधी बस पळवली नव्हती, पण त्या दिवशी पिकअप पळवली. पहिले वीस मैल ती डेल्मारला शिव्या देत होती. त्याचा पुसायचा फडका, त्याची ती ताठ मान, त्याचे लख्ख खण. पंचविसाव्या मैलाला शिव्या संपल्या. कारण तिला तिचाच हात आठवला.

संथ दारू जास्त लागते. पुंगळी गळ्यापर्यंत भरते. वरून जड गोळी दाबून बसवताना आतली दारू किंचित दबते आणि चुरमुऱ्यांच्या पिशवीवर कोपर टेकावं तसं 'कुरुम' होतं. आवाज यायचा तो आता तिच्या कानांना येत नव्हता, पण गोळी दाबायच्या यंत्राच्या दांड्यातून हाताला कळायचं. बुधवारी ते कळलं नव्हतं. वीसच्या वीस गोळ्या अशा गेल्या, लोण्यात सुरी जावी तशा. काड्या आखूड, म्हणून त्याच वजनाला दारू कमी जागेत बसली होती, आणि वर पोकळी उरली होती. तिच्या हाताला ते पहिल्याच काडतुसाला जाणवलं होतं. आणि ती मनाशी काय म्हणाली? नव्या गोळ्या आहेत, बूड निमुळतं असेल. हात म्हातारे झालेत.

आणि सोमवारी नळी भरलेली ठेवून उठलं कोण? भुर्रकन जळणाऱ्या दारूचा डबा फळीवर परत ठेवून संथ दारूचा डबा आधीच टेबलावर मांडला कोणी? तिनंच. बहिणीचं काम करायचं म्हणून ती सणासारखी हरखली होती. नळीत जे असेल त्याचाच डबा शेजारी, दुसरा डबा टेबलावर नाही, हे ती चाळीस वर्षं खोऱ्यात सगळ्यांना शिकवत आली होती. डेल्मारनं तर तिच्याच नियमाप्रमाणं केलं होतं. टेबलावरचा डबा तो नळीचा डबा.

"अगं बाई, आर्डिस," ती काचेकडे बघून मोठ्यानं म्हणाली.

कच्च्या रस्त्याला रात्रीचं बर्फ होतं. शेवटच्या वळणावर तिनं खिडकी खाली केली आणि ऐकायचा प्रयत्न केला. ऐकू काय येणार? इंजिन.

व्हर्लीन आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसली होती आणि डब्यातले सार्डिन काट्यानं खात होती. डोक्यावर नारिंगी टोपी. दोन डोळे. एक नाक. आर्डिसनं गाडी थांबवली आणि दार उघडलं.

"तू इथं कशी?" व्हर्लीन ओरडली. "डेल्मारला काही झालं का?"

"झाडलीस का?"

"काय?"

"गोळी! झाडलीस का एकतरी?"

"नाही बाई. बहिरी तू आहेस, ओरडतेस माझ्यावर. तुझ्याचकडे यायला निघणार होते खाऊन." व्हर्लीन खाली उतरली आणि काडतुसांची पेटी घेऊन आली. "ही काय भरलीयस? खुळखुळतात."

आर्डिसनं दाराची कड घट्ट धरली. "खुळखुळतात?"

"हे बघ." व्हर्लीननं एक काडतूस कानाशी नेऊन हलवलं, मग तेच आर्डिसच्या कानाशी. आर्डिसला काही ऐकू आलं नाही, पण तिनं मान हलवली. "लहानपणी मी हलवत बसायची ना बाबांच्या टेबलाशी? मार खायची त्यापायी. जड गोळीचं कधी वाजायचं नाही, मुकं असायचं. म्हणून त्यातली मजाच यायची नाही मला. काल पुठ्ठा टांगला, बंदूक घेतली, काडतूस हातात घेतलं आणि सवयीनं हलवलं. वाजलं! मग दुसरं हलवलं, तेही वाजलं. वीसच्या वीस खुळखुळे. म्हटलं, आमची थोरली असं करायची नाही. काहीतरी चुकलंय."

"मग?"

"मग काय. ठेवली पेटीत, सूप केलं, झोपले. मूसही येऊन गेला सकाळी. त्या तिथं उभा होता, पाण्यात. मी हात हलवला त्याला."

आर्डिस हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं आणि ते थांबेना. व्हर्लीननं आधी तिच्या हातात सार्डिनचा डबा दिला, कारण हातात तोच होता. मग काहीतरी विचित्र झालंय हे कळून तिला धरलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या, एकीच्या खांद्यावर माशाचं तेल सांडत. शेवटी आर्डिसनं सगळं सांगितलं. डबा, नळी, वजन.

"तोंडावर फुटली असती?" व्हर्लीननं विचारलं.

"हो."

"बरं." तिनं टोपी काढली, गालावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली. "बसूया जरा."

बसल्या. कॉफी झाली. मग आर्डिसनं हातोडा काढला. पोकळ डोक्याचा हातोडा; त्यात काडतूस अडकवायचं आणि ओंडक्यावर आपटायचं, की गोळी आपोआप निसटून बाहेर येते. आर्डिस आपटत होती आणि व्हर्लीन हात लावून मोजत होती. दारू त्यांनी ओढ्याकाठच्या उघड्या वाळूवर एका रेघेत सांडली. विसावं काडतूस उकलल्यावर व्हर्लीन म्हणाली, "पेटवूया?"

"लांब उभी राहा."

काडी लागली. पिवळी ज्योत रेघेवरून सरसरत गेली, धूर उठला, फुस्स. संपलं.

"एवढंच?" व्हर्लीन म्हणाली. "यासाठी तू साठ मैल रडत आलीस?"

"मोकळ्यावर एवढंच. कोंडली की मग कळतं."

"तुझंही तसंच आहे म्हण की." व्हर्लीन खदखदून हसली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "डेल्मारला लई बोललीस का गं?"

"तोंडावर नाही. गाडीत बोलले, वीस मैल." आर्डिसनं वाळूवरची काळी रेघ बुटानं पुसली. "त्याची चूक नाही व्हर्लीन. डबा मी मांडला होता. आणि हाताला कळलं होतं मला. पहिल्याच काडतुसाला कळलं होतं, आणि मी पुढची एकोणीस भरली."

व्हर्लीननं टोपी मागं सारली. मग म्हणाली, "हे तू सांगितलं नसतंस तर मला कुठं कळणार होतं?"

"म्हणून तर सांगितलं."

"हं." व्हर्लीननं एक मोकळी पुंगळी उचलून खिशात टाकली. "हंगाम नोव्हेंबर संपेपर्यंत आहे. मूस कुठं पळून जात नाही, त्याला इथलं पाणी आवडतं. घरी जाऊन नवा डबा फोड आणि पुन्हा भर."

"मी नाही आता. दुकानातली घेऊन येते पेटी."

"दुकानातली घेऊन मी सव्वीस वर्षांचा परवाना वाया घालवू? बाबांची बंदूक, तुझी काडतुसं, माझा नेम. असंच ठरलंय. तू भर. मी बसते शेजारी स्टूल टाकून. तुझा हात काय म्हणतो ते तू सांग, माझा कान काय म्हणतो ते मी सांगते. दोन म्हाताऱ्या मिळून एक धड माणूस होईलच की."

आर्डिसनं होकार दिला नाही. पण नाही असंही म्हणाली नाही, आणि व्हर्लीनला तेवढं पुरलं. ती लगेच तंबूचे खुंटे उपटायला लागली.

आर्डिस पुढं निघाली. तिला फोन लागेल अशी जागा गाठायची होती. जंगल खात्याचा माणूस तिला उतारावर भेटला, गाडीला गाडी लावून थांबला. "कोणी जखमी?" त्यानं विचारलं. "कोणी नाही रे बाबा," ती म्हणाली, आणि ते शब्द तोंडात इतके गोड लागले की तिनं पुन्हा म्हटले, "कोणीसुद्धा नाही." तो टोपीला हात लावून कॉफी मिळेल का बघायला व्हर्लीनकडे गेला.

खिंडीच्या माथ्यावर तिनं गाडी कडेला घेतली. ऊन पडलं होतं, बर्फ वितळून रस्त्यावरून पाणी वाहत होतं. फोन एकदाही पुरता वाजला नाही, पलीकडून उचललाच.

"डेल्मार, एकही गोळी उडाली नाही."

तिला वाटलं रेंज गेली. तिनं फोन दुसऱ्या, बऱ्या कानाला लावला.

"डेल्मार? ती ठीक आहे. मासे खात होती. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय." आवाज बसलेला होता, जणू सकाळपासून वापरलाच नव्हता. "पुन्हा सांग."

"ठीक आहे ती. दोन्ही डोळे. मी बघितले."

नाक शिंकरल्याचा आवाज आला. "मी ते दोन्ही डबे नेऊन अंगणात ठेवलेत," तो म्हणाला. "घरात बघवत नव्हते. आर्डिस, मी तुझ्या टेबलाला पुन्हा—"

"टेबल माझं नाही, माझी चूक ती," आर्डिस म्हणाली आणि शब्द उलटेपालटे झाले म्हणून थांबली. नीट जुळवून पुन्हा म्हणाली, "चूक माझी होती. डबा मी चुकीचा मांडला होता. तू बरोबर ओतलंस. घरी आले की सगळं सांगते. आता ऐक, तू सकाळपासून काही खाल्लंस का?"

"नाही."

"मग खा. बटाटे आहेत ना?"

"गार झालेत."

"गरम कर आणि मी फोनवर असताना खा. मला ऐकू येईल असं खा."

"तुला काय डोंबल ऐकू येणार?" डेल्मार म्हणाला, आणि पलीकडं तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज झाला. तो मात्र तिला ऐकू आला. तिनं सीट मागं केली, बूट काढले, आणि नवरा जेवून होईपर्यंत ती तिथंच, उन्हात, फोन कानाला धरून बसून राहिली.